दृष्टिहीन चित्रकाराचे स्वावलंबन

बिनोदबिहारी मुखर्जी यांचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरीही त्यांनी कलानिर्मिती थांबवली नाही, ही एक. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट काढला, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तथापि त्यांतून सर्वसामान्य वाचकाच्या मनात जी प्रतिमा उभी राहते ती मात्र अपुरी असते. नियतीने डोळे हिरावून घेतले आणि एका असामान्य पुरुषाने केवळ मनोबलाच्या जोरावर तिच्यावर मात केली, अशी ती प्रतिमा आहे. मनोबलाचे कौतुक करायला काही खर्च येत नाही, म्हणून समाज ते सढळ हाताने करतो. या मनोबलाला उभे राहण्यासाठी जागा कोणी दिली, कोणत्या नियमाने दिली आणि ती दिली नसती तर काय झाले असते, हे प्रश्न त्या कौतुकात बाजूला पडतात. बिनोदबिहारींच्या आयुष्याचा हिशेब या प्रश्नांच्या अंगाने मांडला, तर अपंग व्यक्तीच्या स्वावलंबनाविषयीच्या आपल्या अनेक कल्पना तपासून घ्याव्या लागतात.

कलाभवनाचे दार

बिनोदबिहारींचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी कलकत्त्याच्या बेहाला भागात झाला. एका डोळ्याला जन्मापासून दिसत नव्हते आणि दुसऱ्याची नजर अतिशय अधू होती. जाड भिंगांचा चष्मा आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेले पुस्तक ही त्यांची लहानपणापासूनची ओळख. अशा मुलाचे शालेय शिक्षण सरळ मार्गाने होणे शक्यच नव्हते. १९१७ मध्ये तो शांतिनिकेतनच्या शाळेत आला आणि १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी तेथे कलाभवन सुरू केले तेव्हा त्याच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत पंधरा वर्षांच्या बिनोदबिहारीचा समावेश झाला.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील कलाशिक्षणाकडे पाहिले पाहिजे. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील सरकारी कलाशाळा इंग्लंडमधील अभ्यासक्रमाच्या धर्तीवर चालत. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हुबेहूब रेखाटन, यथादर्शनाचे काटेकोर नियम, अंतराचा आणि प्रमाणाचा अचूक अंदाज या त्या शिक्षणाच्या पायऱ्या होत्या. दूरचे नीट न दिसणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर अडखळला असता. त्यात परीक्षकाचा दुष्टावा नसता. परीक्षाच अशा रीतीने आखलेली होती, की एका विशिष्ट प्रकारचा डोळा हीच प्रवेशाची अट ठरावी.

शांतिनिकेतनातही शंका घेतली गेलीच. इतकी अधू नजर असलेला मुलगा चित्रकला शिकू शकेल काय, असा प्रश्न नंदलाल बोस यांना पडला होता, असे सांगतात. मुलगा नियमाने येऊन बसतो काय, त्याला गोडी आहे काय, एवढेच रवींद्रनाथांनी विचारले आणि तसे असेल तर त्याला आपली वाट शोधू द्यावी, असे सुचवले. ही हकीकत बहुधा रवींद्रनाथांच्या उदार मनाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यात प्रवेशाचा एक निराळा निकषच दडलेला आहे. विद्यार्थ्याला काय करता येणार नाही याची मोजदाद आधीच करून दार लावून घ्यायचे, की तो काय करू पाहतो हे दिसेपर्यंत दार उघडे ठेवायचे, या दोन धोरणांतील हा फरक आहे. नंदलाल बोस यांचाही मोठेपणा असा, की त्यांनी आपली शंका हट्टाने धरून ठेवली नाही. पुढे बिनोदबिहारी हे त्यांच्या श्रेष्ठ शिष्यांपैकी एक ठरले.

बीरभूमची माती

१९२५ पासून बिनोदबिहारी कलाभवनातच शिकवू लागले. ग्रंथालय आणि संग्रह यांची देखभालही त्यांच्याकडे होती. या नोकरीमुळे त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. नियमित वेतन मिळू लागल्याने चित्र विकले जाईल की नाही या विवंचनेतून सुटका झाली. आणि चीन, जपान, युरोप व भारतातील कलेचे ग्रंथ आणि प्रतिमा हाताशी आल्या. दूरचे दिसत नसलेल्या या माणसाने जगातील कला अगदी जवळून, पानापानावर वाकून पाहिली. त्यांच्या पिढीतील चित्रकारांमध्ये कलेच्या इतिहासाची एवढी जाण असलेले थोडेच होते.

बंगालमधील नव्या चित्रकलेवर त्या काळी अवनींद्रनाथांच्या शैलीचा प्रभाव होता. धूसर रंगांचे हलके थर, पुराणातील आणि इतिहासातील प्रसंग, गतवैभवाची हुरहुर असे तिचे रूप होते. बिनोदबिहारी त्या वाटेने गेले नाहीत. शांतिनिकेतनभोवतालचा बीरभूमचा उजाड मुलूख, पावसाने कोरलेली तांबडी 'खोआई', एकाकी ताडाची झाडे आणि वाटेने जाणारे संथाळ स्त्रीपुरुष हे त्यांच्या चित्रांचे विषय झाले. लांब गुंडाळीच्या पटावर त्यांनी निसर्गदृश्ये रंगवली. असा पट एकदम संपूर्ण दिसत नाही. हातभर उलगडायचा, तेवढे पाहायचे आणि पुढे सरकायचे, अशी त्याची रीत. पूर्वेकडील या जुन्या चित्रप्रकाराशी त्यांचे सूर जुळले, याचे नवल वाटू नये. १९३७-३८ मध्ये ते जपानला जाऊन आले आणि तेथील कुंचल्याच्या परंपरेचा त्यांनी जवळून अभ्यास केला. त्यांची रेषा पुढे अधिकच मोजकी व ठाम झाली.

अधू नजरेमुळे त्यांची चित्रे अशी झाली, असे म्हणणे मात्र सोपे आणि म्हणूनच फसवे आहे. अधू नजरेची माणसे पुष्कळ असतात. बिनोदबिहारी एकच झाले. तपशिलांच्या गर्दीऐवजी आकाराचा सांगाडा पकडायचा आणि वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागेला वस्तूइतकेच वजन द्यायचे, ही त्यांची निवड अभ्यासातून आलेली होती. अपंग कलावंताच्या प्रत्येक गुणाचे मूळ त्याच्या अपंगत्वात शोधण्याची सवय त्याच्या बुद्धीचे श्रेय काढून घेते. समीक्षेनेही हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

हिंदी भवनातील भिंती

१९४० मध्ये बिनोदबिहारींनी कलाभवनाच्या वसतिगृहातील एका छतावर बीरभूमच्या खेड्यातील जीवन रंगवले. मध्यभागी तळे आणि त्याच्या चहूबाजूंना झाडे, माणसे, गुरे आणि घरे. त्याच वर्षी शांतिनिकेतनात आलेल्या सत्यजित राय यांच्यावर या छताचा खोल परिणाम झाला. १९४२ मध्ये चीन भवनात त्यांनी आश्रमातील दैनंदिन जीवनाचे भित्तिचित्र केले. परंतु त्यांची सर्वांत मोठी कृती म्हणजे १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींच्या वरच्या भागावर काढलेले मध्ययुगीन संतांचे चित्र.

हे चित्र ओल्या गिलाव्यावर केलेले आहे. या पद्धतीत चुन्याचा ताजा गिलावा ओला असतानाच रंग लावावा लागतो. गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा बसतो. एका दिवसात जेवढा भाग रंगवता येईल तेवढाच गिलावा करायचा. चूक झाली तर पुसता येत नाही, तो भाग खरवडून काढावा लागतो. म्हणून या पद्धतीचे चित्रकार सहसा पूर्ण आकाराचा कागदी आराखडा आधी तयार करतात आणि तो भिंतीवर उतरवतात. बिनोदबिहारींनी तसा आराखडा केला नाही. परातीवर उभे राहून, भिंतीला जवळजवळ डोळा लावून ते थेट रंगवीत गेले. दूर उभे राहून सगळी भिंत एका नजरेत सामावून घेणे ज्याला शक्य नव्हते, त्याने तीन भिंतींवर पसरलेली शेकडो आकृतींची रचना मनात धरून ठेवली होती.

या चित्रात रामानुज आहेत, कबीर आहेत, तुलसीदास आणि गुरू गोविंदसिंग आहेत, आणि जन्मांध मानले गेलेले सूरदासही आहेत. परंतु संतांची ही ओळीने मांडलेली तसबिरींची मालिका नाही. डोंगरातून निघून मैदानात पसरणाऱ्या नदीसारखा माणसांचा प्रवाह भिंतीवरून वाहत जातो. त्यात विणकर, कारागीर, वाटसरू, बायामुले आहेत आणि त्यांच्यामध्येच संत आपापली कामे करीत बसलेले आहेत. देशाची फाळणी होत असतानाची ही वर्षे होती. निरनिराळ्या जातींचे, पंथांचे आणि प्रांतांचे हे संत एका प्रवाहात दाखवताना चित्रकाराने कसलीही घोषणा केली नाही. महाराष्ट्राला संतपरंपरेची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. काम करता करता देव गाठणारी माणसे येथेही होऊन गेली. त्या परंपरेचे इतके समर्थ चित्ररूप आधुनिक भारतीय कलेत क्वचितच सापडेल.

या कामात त्यांना विद्यार्थ्यांचे साहाय्य होते. त्यांच्या पत्नी लीला मुखर्जी त्यांत होत्या आणि पुढे बडोद्याच्या कलाशाखेत अध्यापन करून दोन-तीन पिढ्या घडवणारे के. जी. सुब्रमण्यन हेही होते. चुना मळणारे, गिलावा करणारे, रंग घोटून देणारे हात नसतील तर ओल्या गिलाव्यावरचे चित्र कोणालाही करता येत नाही, मग त्याचे डोळे कितीही धडधाकट असोत. म्हणून कोणी इटलीच्या भित्तिचित्रकारांना परावलंबी म्हणत नाही. ही गोष्ट पुढील घटनांचा विचार करताना ध्यानात ठेवली पाहिजे.

१९५८ चे महत्त्व

१९४९ मध्ये बिनोदबिहारींनी शांतिनिकेतन सोडले. प्रथम नेपाळमध्ये काठमांडूच्या संग्रहालयाचे काम, नंतर राजस्थानातील वनस्थली विद्यापीठ, पुढे १९५२ च्या सुमारास मसुरी येथे पत्नीच्या साथीने काढलेली कलाशिक्षणाची स्वतःची संस्था, आणि ती फार काळ न टिकल्याने पाटण्याची नोकरी, असा त्यांचा प्रवास झाला. स्वतःची संस्था काढणे ही स्वातंत्र्याची मोठी खूण मानली जाते; परंतु स्थिर उत्पन्नाचा आधार नसेल तर असे स्वातंत्र्य अल्पजीवी ठरते, हा अनुभव त्यांनाही चुकला नाही.

१९५६-५७ च्या सुमारास त्यांच्या ज्या एका डोळ्याला दिसत होते, त्याच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली नाही आणि जी काही दृष्टी होती तीही गेली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास एक चित्रकार पूर्ण अंध झाला.

येथून पुढची कथा साधारणतः थेट १९७२ च्या लघुपटावर आणि १९७४ मध्ये मिळालेल्या पद्मविभूषण किताबावर उडी मारते. मधले १९५८ हे साल मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या वर्षी बिनोदबिहारी कलाभवनात परतले, ते अध्यापक म्हणून. चित्र काढून दाखवणे आता शक्य नव्हते. परंतु कलेचा इतिहास आणि विचार शिकवण्यासाठी लागणारी विद्या त्यांच्या डोक्यात शाबूत होती. तीस वर्षे पुस्तकांवर वाकून जमवलेले भांडवल कोणत्याही शस्त्रक्रियेने नष्ट होण्यासारखे नव्हते. संस्थेने ते ओळखले. सहानुभूतीचा ठराव करून निर्वाहवेतन देणे अधिक सोपे गेले असते आणि त्याबद्दल संस्थेची वाहवाही झाली असती. त्याऐवजी त्यांना वर्ग मिळाला, विद्यार्थी मिळाले आणि केलेल्या कामाचा मोबदला मिळाला. पुढील सन्मानांनी त्यांची कीर्ती वाढवली. परंतु त्यांचे आयुष्य सावरले ते या नेमणुकीने. ज्याला दररोज ठरावीक वेळी कोणीतरी ऐकायला येऊन बसते, त्याचे दिवस रिकामे राहत नाहीत. लीलाबाई डेहराडूनच्या शाळेत शिकवीत होत्या आणि कन्या मृणालिनी तेथेच वाढत होती. बिनोदबिहारी शांतिनिकेतनात आपले घर आपल्या शिस्तीने चालवीत होते. मृणालिनी पुढे बडोद्यात सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या आणि स्वतः नामवंत शिल्पकार झाल्या.

हात कुणाचे, निर्णय कुणाचा

या स्थैर्यातून त्यांची निर्मिती पुन्हा सुरू झाली. ते मेणाच्या आणि मातीच्या लहान आकृती करू लागले. कागद दुमडून आणि कापून त्यांनी आकार काढले, रंगीत कागदांची चिकटचित्रे केली, हाताच्या अंदाजाने रेखाटने केली आणि शिळाछापाची चित्रेही केली. कागदाची कड बोटांना कळते, घडी बोटांना कळते. म्हणून ही साधने त्यांनी निवडली. रंग मात्र बोटांना कळत नाही. तेथे कोणता रंग हवा हे ते सांगत आणि साहाय्यक तो कागद हाती देत. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी फरशांचे मोठे भित्तिचित्र उभारले. त्या वेळी कलाभवनाची धुरा सांभाळणारे धारवाडचे दिनकर कौशिक हे त्यांचेच जुने विद्यार्थी होते. आकृत्यांची कल्पना आणि मांडणी बिनोदबिहारींची. फरशा बसवणारे हात इतरांचे.

यावर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. ज्या चित्राचे रंग चित्रकाराला दिसत नाहीत आणि ज्याच्या फरशा दुसरेच बसवतात, ते कितपत त्याचे म्हणावे? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. हिंदी भवनाच्या भिंतींवरही गिलावा दुसऱ्यांनीच केला होता. वास्तुविशारद विटा रचीत नाही आणि नाटककार रंगमंचावर उभा राहत नाही. तरीही वास्तू आणि नाटक त्यांचेच मानले जाते. श्रमविभागणी हा कलेच्या व्यवहाराचा जुना नियम आहे. कृती कोणाची हे ठरवताना, कोणता आकार कोठे बसेल, काय ठेवायचे आणि काय टाकायचे, काम केव्हा पुरे झाले, हे कोणी ठरवले एवढेच पाहावे लागते. या भित्तिचित्रात हे सारे बिनोदबिहारींनी ठरवले. धडधाकट माणसाने मदत घेतली तर ती व्यवस्था ठरते आणि अपंग माणसाने घेतली तर तो आधार ठरतो, हा भेद वस्तुस्थितीत नसून पाहणाऱ्याच्या मनात असतो.

दुसऱ्या बाजूने अतिशयोक्तीही होता कामा नये. दृष्टी गेल्यामुळे बिनोदबिहारींचे काहीच बिघडले नाही, असे म्हणणे त्यांच्या दुःखाचा अवमान आहे. हिंदी भवनासारखी कृती त्यांना पुन्हा करता आली नाही. जे गेले ते गेलेच. अंधत्व हा आपल्याला आलेला एक नवा अनुभव आणि अस्तित्वाची एक नवी अवस्था आहे, अशा भावनेने त्यांनी त्याकडे पाहिले आणि त्याविषयी बंगालीत लिहिलेही. 'चित्रकर' हा त्यांचा लेखसंग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कीव मागणारा सूर नाही आणि विजयाची आरोळीही नाही. ११ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

कायदा आणि दार

बिनोदबिहारींना जे मिळाले ते रवींद्रनाथांच्या दृष्टीमुळे आणि एका छोट्या संस्थेच्या जिव्हाळ्यामुळे मिळाले. दुसऱ्या शब्दांत, ते योगायोगाने मिळाले. त्याच काळात कलकत्त्यात किंवा कोल्हापुरात तेवढ्याच अधू नजरेचा, तेवढ्याच गोडीचा दुसरा एखादा मुलगा असेल, तर त्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. योगायोगाचे हक्कात रूपांतर करणे हे कायद्याचे काम असते. भारतात ते सावकाश झाले. १९९५ च्या कायद्याने अपंगांसाठी सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने ते प्रमाण ४ टक्के केले, उच्च शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी ५ टक्के जागांची तरतूद केली आणि मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली. ही प्रगती लहान नाही.

परंतु टक्केवारीने जागा निर्माण होते, काम निर्माण होत नाही. राखीव जागेवर नेमलेल्या अंध शिक्षकाला वर्ग न देता कार्यालयाच्या कोपऱ्यात बसवून ठेवले, तर कायदा पाळला जातो आणि माणूस वाया जातो. प्रवेशपरीक्षेचे स्वरूप न बदलता केवळ जागा राखल्या, तर त्या रिकाम्या राहतात आणि पात्र उमेदवार मिळाला नाही असा शेरा लिहिला जातो. कलाभवनाने १९१९ मध्ये परीक्षेचा निकष बदलला आणि १९५८ मध्ये कामाचे स्वरूप बदलले. म्हणून एका माणसाची विद्या दोन्ही वेळा वाचली. या दोन्ही निर्णयांना फारसा पैसा लागला नव्हता. त्यांचा लाभ मात्र शांतिनिकेतनच्या भिंतींवर, राय यांच्या चित्रपटांवर आणि बडोद्यात तयार झालेल्या चित्रकारांच्या कामावर पसरलेला दिसतो. कोणत्याही संस्थेने आपल्या प्रवेशाच्या आणि नेमणुकीच्या नियमांकडे याच हिशेबी नजरेने पाहावे. समोरच्या उमेदवाराला जे जमणार नाही, त्याची यादी करणे सोपे असते. जे जमते, त्याला शोभेल असे काम आपल्याकडे आहे काय, याचे उत्तर संस्थेनेच द्यायचे असते.